रिस्टेटमेंट आणि ओहायोचा कायदा

‘अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट’ या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेने दायित्व विम्यावर, म्हणजे दुसऱ्याने आपल्यावर भरपाईचा दावा केल्यास संरक्षण देणाऱ्या विम्यावर, ‘रिस्टेटमेंट’ हा ग्रंथ काढला. त्याला अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांनी केलेला विरोध म्हणजे निव्वळ विमा कंपन्यांची लॉबी, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. लॉबी होतीच, पण आक्षेपाला आधारही होता. हे काम 2010 मध्ये ‘तत्त्वे’ या नावाने, म्हणजे कायदा कसा असावा हे सुचवण्यासाठी, सुरू झाले आणि 2014 मध्ये त्याचे रूपांतर रिस्टेटमेंटमध्ये, म्हणजे प्रचलित कायद्याच्या मांडणीत, करण्यात आले. पाटी बदलली तरी आतला माल बराचसा जुनाच राहिला, ही शंका तिथूनच आली.

मात्र ओहायो राज्याने 2018 मध्ये कायदा करून योजलेला उपाय मला अतिरेकी वाटतो. हा ग्रंथ राज्याचे सार्वजनिक धोरण नाही, एवढे म्हणून तो कायदा थांबत नाही. न्यायालयाने दखल घेण्याजोगा तो विषयच नाही, असेही सांगतो. वस्तुतः रिस्टेटमेंट न्यायालयांवर बंधनकारक नसतेच. पॉलिसीत तशी तरतूद नसेल किंवा विमेदाराने तसे मान्य केले नसेल, तर त्याच्या कोर्टातील बचावावर केलेला खर्च विमा कंपनीला त्याच्याकडून परत मागता येत नाही, बचाव करणे कंपनीवर बंधनकारक नव्हते असे नंतर ठरले तरीही, असे या रिस्टेटमेंटचे कलम 21 म्हणते. नेव्हाडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ‘नॉटिलस’ खटल्यात हे कलम विचारात घेऊन नाकारले आणि खर्च वसूल करण्याचा कंपनीचा हक्क, तोही निसटत्या बहुमताने, मान्य केला. वाचून, कारणे देऊन नाकारण्याची ही मुभा न्यायाधीशांना असताना विधिमंडळाने पुस्तकच मिटवून ठेवायला का सांगावे, हे मला कळत नाही.