मदत हवी आहे: वडापावची सुकी लाल चटणी

लेक शिकायला बाहेरगावी आहे. तिला सगळ्यात जास्त आठवतो तो गाडीवरचा वडापाव, त्यातही पावाला आतून लावलेली सुकी लाल चटणी. तीच करून पाठवायची आहे. सुकं खोबरं, तीळ, शेंगदाणे मंद आचेवर भाजते, पूर्ण गार करते, मग लसूण, तिखट, मीठ घालून मिक्सर थांबत थांबत फिरवते. तरी खोबऱ्याला तेल सुटतं आणि गोळा होतो. गाडीवरची कशी भुरभुरीत असते, चिमटीतून सुटी पडते! बेसनाचा तळलेला चुरा घातला तर कोरडी राहील का? खोबऱ्याला किती घ्यावा? आणि लसूण परतून घालू की कच्चाच? कच्च्याचा झणका मला फार आवडतो, पण चटणी महिनाभर टिकायला हवी. घरी खलबत्ता आहे. कुटून फरक पडत असेल तर तसंही करीन.