मुंबई ते गुहागर किनाऱ्याने : रो-रो आणि फेरीबोटींच्या तिकिटांचा हिशेब कसा धरायचा?

नमस्कार मंडळी,

महाशिवरात्रीला नानांना (माझे वडील, वय ७८) गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला न्यायचं आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना सलग दोन तासांवर गाडीत बसवत नाही. म्हणून महामार्गाने चिपळूणवरून न जाता किनाऱ्याने, मुक्काम करत जायचं ठरवलंय. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडवा, पुढे अलिबाग, मुरुड, मग खाडीतल्या फेरीबोटी: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी आणि शेवटी दाभोळ-धोपावे. म्हणजे जाताना चार वेळा गाडी बोटीत चढणार आणि चार वेळा तिकीट. आम्ही पाच जण: नाना, आई, नवरा, मी आणि नऊ वर्षांची लेक. गाडी सात सीटची.

दिवाळीत एका फेरीला (नाव नको) मी गाडी 'लहान' म्हणून बुक केली होती. धक्क्यावर ती मोठ्या गटात धरली आणि फरक रोख मागितला. मागे रांग लागलेली, आणि आई घाईघाईने पाकिटातले पैसे मोजतेय. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही, यावेळी तसं व्हायला नको.

गाडीचा गट सीटवरून ठरतो की लांबीवरून? चालकाचं तिकीट गाडीत धरलेलं असतं का? आणि नाना-आईंना गेटवेवरून कॅटामरानने (फक्त माणसांच्या बोटीने) मांडव्याला पाठवून आम्ही गाडी घेऊन गेलो तर स्वस्त पडेल का?

प्रतिसाद १

ताई, गाडीचं भाडं म्हणजे डेकवर ती अडवते त्या जागेचं भाडं. त्यामुळे गाडीच्या आकाराप्रमाणे दर बदलतो आणि माणसांचं तिकीट वेगळं. रो-रोवर माणसांच्या तिकिटातही बसायच्या जागेप्रमाणे फरक असतो, एसी हवं की साधं. खाडीतल्या फेरीबोटी वेगळ्या, दरपत्रक वेगळं. एकीकडचा नियम दुसरीकडे लावू नका. बुकिंगआधी फोन करून गाडीचं मॉडेल सांगा, गट त्यांच्याच तोंडून घ्या. दरफलकावर 'चालकासह' लिहिलंय का, लहान मुलाचं वय किती धरलंय, तेही तेव्हाच विचारा.

प्रतिसाद २

गेटवेच्या तिकिटात मांडव्यापासून अलिबागपर्यंतची बसही येते, म्हणून एकट्यादुकट्याला ते परवडतं. तुमची गाडी मांडव्याला येणारच, मग बसचे पैसे फुकट जाणार. शिवाय गेटवेच्या दगडी पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकणं त्या गुडघ्याला झेपणार नाही. माझ्या सासूबाईंना दोघांनी धरून उतरवावं लागलं होतं. खाडीतल्या फेऱ्या थोड्या मिनिटांच्या असतात, तिथे नाना गाडीतच बसून राहू शकतील.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बसचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नाना-आई आमच्याबरोबर रो-रोनेच येतील, आणि उद्या दोन्हीकडे फोन करून मॉडेल सांगते.

नाना म्हणतायत, दाभोळला गुहेतल्या चंडिकादेवीचं दर्शन घेऊनच पुढची बोट पकडायची. त्या गुहेत त्यांना कितपत वाकावं लागेल? अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा.