उत्तर: उत्तर: वाडीच्या शाळेतल्या मदतनीस ताईंचं मानधन

खजिनदार, लंडन
मंडळी, वाडीच्या शाळेतल्या मदतनीस ताईंना आपण मानधन द्यावं असा ठराव आहे; रविवारी पैसे पाठवायचे की नाही ते सांगा. यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावर, पाहिलं: पट 18, शिक्षक 2. म्हणजे एकामागे 9 मुलं. आमच्या धाकट्याच्या वर्गात 29 आहेत. नऊ पोरांना मदतनीस कशाला?

वहिनी, सध्या आंजर्ल्याला
भावजी, ते 9 कागदावरचे. पटाला शिक्षकांनी भागलं की गुणोत्तर मिळतं, वर्ग नाही. मी जूनपासून आईपाशी आहे, रोज बघते. पहिली ते पाचवी, खोल्या दोन. गुरुजी मतदारयादीच्या कामाला किंवा केंद्रशाळेत बैठकीला गेले की बाई एकट्या पाच इयत्तांना. पहिलीचं पोर अक्षर गिरवतंय, पाचवीचा भागाकारात अडकलाय, आणि दोघांनाही आत्ताच बाई हव्यात. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात पाचवीपर्यंत 60 पटाला दोन शिक्षक. पट 18 असो की 58, दोनच. किती इयत्ता एकत्र बसतात ते त्या भागाकारात दिसतच नाही. शिवाय संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, 30 सप्टेंबरचा पट धरतात. आंबाबागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात ती बरीचशी त्यानंतर. त्यांची मुलं कुठल्या आकड्यात बसवायची?

काका, लेस्टर
आमच्या वेळी दाभोळला चौथीपर्यंत एकच खोली होती. चौथीची मुलं पहिलीकडून पाढे म्हणून घेत. मी तसाच शिकलो. मास्तर मात्र दिवसभर शाळेतच असत, हे खरं.

तक्ता करणारा, ब्रिस्टल
इंग्लंडच्या शाळांत वर्गात मुलं किती, मदतनीस किती, हा गेल्या वर्षीचा तक्ता माझा, म्हणून चूक मीच सांगतो. इंग्लंडचे वर्गाचे आकडे जानेवारीच्या गणनेतले, टीचिंग असिस्टंटचे, म्हणजे वर्गातल्या मदतनिसांचे, नोव्हेंबरच्या. त्यातही मी माणसं मोजली. पूर्णवेळाच्या हिशोबात अर्धवेळ दोघी मिळून एक धरायला हवी होती. तो तक्ता ठरावाला जोडू नका. पण ठरावाला माझा विरोध आहे. अमेरिकेत टेनेसीला 1985 ते 1989 एका प्रयोगात मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन प्रकारच्या वर्गांत वाटून दिली: 13 ते 17चे वर्ग, 22 ते 25चे, आणि 22 ते 25 अधिक मदतनीस. लहान वर्गांतली पुढे गेली. मदतनिसाने फारसा फरक पडला नाही.

ताई, स्लाव
ब्रिस्टलकरांना उत्तर. मी इथे आठ वर्षं टीचिंग असिस्टंट आहे. टेनेसीचे वर्ग एकेका इयत्तेचे होते, वाडीचे नाहीत. आणि मदतनिसाला काम काय दिलं ते विचारा. मला मागे पडलेल्या मुलाशेजारी बसवतात, शिक्षिका बाकीच्यांकडे. ज्याला शिक्षिकेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या मोठ्या अभ्यासातही हेच निघालं: ज्यांना मदतनिसाची साथ जास्त, त्यांची प्रगती कमी. वाडीला उलट करा. मदतनीस ताईंनी पहिली-दुसरीकडून वाचून घ्यावं, तेवढा वेळ बाईंनी मागे राहिलेल्यांना स्वतः शिकवावं. हे ठरावात लिहिलं तरच माझी सही.

सचिव
हा विषय शिक्षण समितीचा. संगणकांच्या वेळीही सगळं मेलवरच ठरलं आणि समितीला शेवटी कळलं. परत तसं नको.

वहिनी
समितीला कळवाच. मी उद्या फेरीबोटीने धोपाव्याला जातेय, परवा परत. मग दोन दिवस शाळेत बसून तासागणिक लिहिते: कुठल्या खोलीत किती इयत्ता, समोर कोण. ताई, तुमचं वाक्य बाईंना दाखवते. भावजी, रविवारपर्यंत पैसे धरून ठेवा, दुसरीकडे वळवू नका.