ई तार फडफडते तेव्हा
भाऊ, धुळ्यात ऑर्केस्ट्राला गायकासाठी अख्खी बेस गिटार दोन फ्रेट (म्हणजे दोन पट्ट्या) खाली लावता आणि सगळ्यात जाड ई तार फडफडते, म्हणून ४५-१०५ चा सेट (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) काढून जाड तारा घ्याव्यात का, असं विचारलंत. जरूर घ्या. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे दोन फ्रेट उतरवलं की सुमारे २० टक्के ताण जातो. १०५ ऐवजी ११० लावली तर साधारण १० टक्केच वाढतो. ११५ ने जवळजवळ भरून निघतो.

पण आधी नट बघा, म्हणजे नेकच्या (दांडीच्या) टोकाची, तारा बसायच्या खाचांची पट्टी. जळगावला मी जाड सेट चढवला तेव्हा ई तार खाचेत बसलीच नाही, वर तरंगत राहिली. पहिल्या फ्रेटवर दाबली की सूर चढा! मी तारेलाच दोष देत बसलो होतो. खाच कारागिराकडून रुंद करून घेतली, तेव्हा कुठे सूर जागेवर आला.

ताण वाढला की नेक पुढे वाकते. नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेराच कसा, मग रात्रभर थांबून पुन्हा बघा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बेस टेम्पोत उन्हात ठेवू नका, कृपा करून.