सिमेंटचा थर हा उपाय नव्हे

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावच्या मातीच्या मशिदीला दरवर्षी लिंपत बसण्यापेक्षा एकदाच सिमेंटचा गिलावा का करत नाहीत, असं एकानं विचारलंय. मला हे अजिबात पटत नाही. मालीतच मोप्ती शहरातल्या मशिदीवर हा प्रयोग होऊन गेलाय. तिच्या वरच्या भागाला सिमेंटचा थर दिला होता. त्यानं आतल्या मातीचं नुकसानच झालं. शेवटी २००४ ते २००६ या काळात आगा खान ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या कामात तो काढून तिथे पुन्हा मातीच्या विटा आणि मातीचाच गिलावा आला. कच्च्या विटांना श्वास घ्यावा लागतो. सिमेंटच्या मागे ओल एकदा अडकली की भिंत आतून भुसभुशीत होते, आणि बाहेरून काही कळतही नाही.

लिंपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्षानुवर्षं थरावर थर चढले की भिंतींवरचा भार वाढतो. म्हणून जेन्नेच्या दुरुस्तीत साठलेले जुने थर उतरवले गेले. भिंतीबाहेर डोकावणारे ताडाचे वासे बऱ्याच जणांना नुसती सजावट वाटतात, पण लिंपताना गवंडी त्यांच्यावरच उभे राहतात. त्यांची कायमची परांचीच ती! भाताचं तूस घालून कुजवलेली माती कधी तयार झाली हे ओळखणारे हात तिथल्या गवंड्यांच्या संघटनेत पिढ्यान्‌पिढ्या घडतात. ते काम सिमेंटच्या पोत्याला कसं जमणार?