बँकेचा राखीव निधी शहरावरून ठरवावा का?

हिशेबनीस

बँकेने किती पैसा बाजूला ठेवायचा हे ती कुठल्या शहरात आहे यावरून ठरवणं मुळातच चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत हे शंभराहून जास्त वर्षं चाललं. केंद्र सरकारचा परवाना असलेल्या 'राष्ट्रीय बँकां'साठीच्या १८६४ च्या कायद्यात न्यूयॉर्क आणि काही 'राखीव शहरं' यांच्यासाठी ठेवी आणि चलनात काढलेल्या नोटा यांच्या २५ टक्के, बाकीच्या 'कंट्री बँकां'साठी १५ टक्के असा दर होता. पण कंट्री बँकेला त्यातला तीन-पंचमांश भाग राखीव शहरातल्या बँकेत ठेव म्हणून ठेवता येई आणि त्या बँकेला आपला निम्मा भाग न्यूयॉर्कला. म्हणजे तोच डॉलर दोन-तीन ठिकाणी राखीव म्हणून मोजला जाई.

१८८७ मध्ये शिकागो आणि सेंट लुईस न्यूयॉर्कच्या पंक्तीला बसली, म्हणजे 'मध्यवर्ती राखीव शहरं' झाली. पात्रता काय, तर २ लाख लोकसंख्या आणि तिथल्या तीन-चतुर्थांश राष्ट्रीय बँकांचा अर्ज. लोकसंख्येवरून बँकेची जोखीम कशी कळणार? फेडरल रिझर्व्ह ('फेड', अमेरिकेची मध्यवर्ती बँक) आली तरी पायऱ्या राहिल्याच. १९१७ पासून मागणी ठेवींवर (म्हणजे मागताच परत द्यायच्या ठेवींवर) मध्यवर्ती राखीव शहरांत १३, राखीव शहरांत १० आणि बाकी ठिकाणी ७ टक्के. शहराची हद्द वाढली की नव्याने आत आलेल्या भागातल्या छोट्या बँकेवर शहराचा दर बसायचा, म्हणून कायद्यात खास सवलतीची तरतूद करावी लागली. पालिकेच्या हद्दीवर बँकेची सुरक्षितता अवलंबून ठेवायची?

सह्यकडा

साफ अमान्य. त्या शहरांतल्या बँकांकडे बाकीच्या बँकांचा पैसा साठत होता, म्हणून त्यांना दर जास्त होता. आयोवातल्या बँकेचा राखीव निधी न्यूयॉर्कमध्ये ठेव म्हणून पडलेला असे. पीक बाजारात यायच्या दिवसांत शेतकऱ्यांना रोख द्यायची म्हणून गावोगावच्या बँका एकाच वेळी पैसे परत मागत. असा ओढा जिच्यावर येतो तिने जास्त रोख ठेवायलाच हवी. हे ओळखायची त्या काळातली सोपी खूण म्हणजे शहर. १९७२ मध्ये फेडने शहर सोडून आकार धरला. ४० कोटी डॉलरहून जास्त मागणी ठेवी असल्या की 'राखीव शहर बँक', मग ती कुठेही असो. यात ठेव कुणाची, हा प्रश्नच मागे पडला.

हिशेबनीस

मग १९०७ चं काय? ऑक्टोबरात निकरबॉकर ट्रस्ट कंपनीवर ठेवीदार तुटून पडले. ती न्यूयॉर्कमध्येच होती, पण बँकेसारख्याच ठेवी घेणाऱ्या या ट्रस्ट कंपन्यांना राष्ट्रीय बँकांचा २५ टक्क्यांचा नियम लागू नव्हता. शहर तेच, धोका मोठा, राखीव कमी. पुढे न्यूयॉर्कच्या बँकांनी रोख देणं आखडतं घेतलं आणि गावाकडच्या बँकांचा तिथला 'राखीव' पैसा ऐन गरजेला हाती आला नाही.

अर्बनवाली

नागरी सहकारी बँकेत काम केलंय म्हणून लिहिते. आपल्याकडे सीआरआरचा (ठेवींसारख्या देण्यांपैकी रोख राखीव ठेवायच्या हिश्श्याचा) दर शहरावरून बदलत नाही. रिझर्व्ह बँक केंद्रांची ग्रामीण, निमशहरी, शहरी, महानगरी अशी वर्गवारी करते (१० हजार, १ लाख आणि १० लाख लोकसंख्येच्या टप्प्यांवर), पण तिचा संबंध शाखांशी. नागरी बँकांचे २०२२ पासूनचे चार स्तरही मुख्यतः ठेवींवरून आहेत: १०० कोटी, १ हजार कोटी, १० हजार कोटी. शिवाय अनुसूचित (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतल्या) बँकांना सीआरआर रिझर्व्ह बँकेकडेच ठेवायचा असतो, त्यामुळे त्यांना दुसऱ्या बँकेतली ठेव त्यात धरताच येत नाही. त्यांच्यापुरती अमेरिकेतली ती उतरंड इथे उभीच राहत नाही. मला हेच योग्य वाटतं.

सह्यकडा

उतरंड राहत नाही हे मान्य. पण सीआरआर काढताना बँकांच्या आपसातल्या देण्यांना सूट आहे, तेही सांगा ना.

हिशेबनीस

सूट बरोबरच आहे. ग्राहकाच्या ठेवीवर पहिल्या बँकेने सीआरआर भरलेला असतो. तोच पैसा पुढच्या बँकेत गेला म्हणून पुन्हा का भरायचा?

सह्यकडा

कारण धोका पुढच्या बँकेत असतो. २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा इतर सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या ठेवीही तिथे अडकल्या. पतसंस्थेच्या सभासदाने पीएमसीचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, तरी त्याच्या पैशाला झळ लागली. शहराचा निकष काढलात, ठीक. पण दुसऱ्या संस्थांच्या ठेवी जिच्याकडे जास्त, तिच्यावर चढा दर ठेवायला तुमची हरकत नेमकी काय आहे?