हाय गेनला ॲक्टिव्हच? (चर्चा: मेटलच्या फाटक्या, दणकट आवाजाला गिटारचा कोणता पिकअप, म्हणजे तारांखालचं मॅग्नेट-कॉइल, घ्यावा? ॲक्टिव्हच्या आत बॅटरीवरचा प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट असतं, पॅसिव्हमध्ये नसतं. बोलणारे आपापल्या भागाच्या नावानं.)

साखर पेठ: परवाची पोस्ट: "मेटल वाजवायचं तर ॲक्टिव्ह ईएमजी ८१. ते काढून पॅसिव्ह डंकन टाकला तर आवाज मेलेला, वर घूं. घ्यायचाच असेल तर कॉइलच्या रेझिस्टन्सचे किलोओहम बघून घ्या, जास्त तेवढा दणका." वाचून गप्प बसवेना. किलोओहम म्हणजे दणका नव्हे. कॉइलवर ४२ गेजऐवजी ४३ची बारीक तार तेवढेच वेढे गुंडाळली तरी आकडा वाढतो, आउटपुट जवळपास तिथंच. डंकनचे जेबी आणि डिस्टॉर्शन हे दोन्ही पिकअप मीटरवर १६ किलोओहमच्या आसपास. पण जेबीत अल्निको ५ मॅग्नेट, डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक. ड्रॉप सीमध्ये (तारा खाली उतरवून) पाम म्यूट मारा (तळव्यानं तारा दाबून): जेबीचा बास सैल पडतो, सिरॅमिकचा आवळलेला राहतो. हे मीटर सांगतं का?

विजापूर रोड: पोस्ट माझीच. ८१मध्ये पण सिरॅमिकच आहे बे, वर प्रीॲम्प आत. लांब केबल लावा, ट्रेबल जात नाही. पॅसिव्हला तीच केबल लावून दाखवा. आणि घूंचं बोला की. त्यावर सगळे गप्प.

अशोक चौक: घूं करणारा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, अर्धाच जोडलेला असतो. डंकनमध्ये काळी वायर हॉट (सिग्नलची), लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. दिमार्झिओत लाल हॉट, काळी-पांढरी जोडायची. दिमार्झिओचा नकाशा बघून डंकन जोडला की काळी-पांढरी एकाच कॉइलची दोन टोकं असल्यानं ती कॉइल शॉर्ट होते. उरली एक कॉइल, म्हणजे सिंगल कॉइल, म्हणजे घूं. पॉटवरून (व्हॉल्यूमच्या नॉबखालचा) हॉट वायर सोडवून मोजा. १६च्या जागी ८ दिसले तर हेच.

विजापूर रोड: मोजलं. ८.१. घ्या, वाटा पेढे. आता नीट जोडलंय, पण बारीक गुणगुण आहेच. गिटारच्या तारांना हात लावला की कमी होते.

होटगी रोड: ती कमी व्हायलाच हवी, अंगात येणारी गुणगुण तारांवाटे ग्राउंडला जाते. हात लावल्यावर वाढली किंवा माइकला ओठ लागून चटका बसला तर पिकअप सोडा, घरातला विजेचा बोर्ड बघा. गावभागात निम्म्या घरांत सॉकेटचं तिसरं, अर्थचं भोक नुसतं शोभेला आहे, आणि आपले शहाणे ॲम्पची अर्थ पिन कापून "हम गेला" म्हणून नाचतात. डिजिटल मीटरवर विसंबू नका, तुटक्या अर्थवरही तो व्होल्टेज दाखवतो. वायरमनला फेज-अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावायला सांगा. मंद जळला तर अर्थ नावाला. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मिठा-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओतलं का कधी कुणी?

विजापूर रोड: म्हणूनच ८१. त्याला ब्रिजची (तारा टेकतात त्या धातूच्या पट्टीची) ग्राउंड वायर लागत नाही, कंपनीच काढायला सांगते. चटक्याचा प्रश्न मिटला.

होटगी रोड: मिटला कुठं? करंट तारांपर्यंत येत नाही एवढंच. जॅकचा धातू, पेडलचा डबा, ॲम्पची चासी तिथंच आहेत. अनवाणी पायानं पेडल दाबा, कळेल.

साखर पेठ: पिकअपच्या चर्चेत खड्डा कुठून आला? अर्थिंगवाल्यांना वेगळी चूल मांडा म्हणावं.

होटगी रोड: शेजारच्या यंत्रमागांच्या मोटारी सुरू झाल्या की आवाज चढतो, तेव्हा तुमचं अल्निको-सिरॅमिक काय करतं ते सांगा, मग जातो.

साखर पेठ: मोटारीची घूं दोन कॉइल एकमेकींत मारतात, त्यासाठीच हंबकर. मोटारीचा वेग बदलणाऱ्या स्पीड ड्राइव्हची किरकिर मारत नाहीत, हे मान्य. तिथं गिटारच्या कॅव्हिटीला (वायरिंगच्या पोकळीला) तांब्याची टेप लावून ग्राउंडला जोडा, विषय संपला. पिकअपच्या उंचीचं कुणी बोललंच नाही. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली पिकअपपर्यंत २.४ मिमी अंतर, बारीक तारेखाली १.६. त्याहून वर चढवला की मॅग्नेट तार ओढतो, सस्टेन (सूर टिकणं) तुटतो, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. ८१ची ओढ कमी, तो जवळ नेला तर चालतो, तेवढं तुमचं खरं.

विजापूर रोड: तेवढं? मेहरबानी. बरं, घूं गेली, आउटपुट पण वाढलं, आवाज मात्र अजून गोधडीत गुंडाळल्यासारखा.

अशोक चौक: पॉट ८१चेच ठेवलेत ना? ते २५ किलोचे. पॅसिव्ह हंबकरवर सगळा ट्रेबल गिळतात. व्हॉल्यूम-टोन दोन्ही ५०० किलोचे टाका, आणि ९ व्होल्टची बॅटरी सर्किटमधून काढा.

विजापूर रोड: म्हणजे परत सोल्डर! ८१ला खटाखट कनेक्टर बसतात.